दोन विमानतळांमधले अंतर

मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर, वांद्रे आणि जुहू यांच्या मध्ये, खारदांडा नावाचा एक जुना कोळीवाडा आहे. माझे बिऱ्हाड गेली बरीच वर्षे तेथे आहे. समोर समुद्र, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या, बोंबील सुकवायच्या वलांड्या, आणि उजव्या हाताला, जुहूच्या अंगाला, आकाशात सतत विमाने. सांताक्रूझची मोठी धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. समुद्रावरून वारा येऊ लागला की विमाने त्या वाऱ्याकडे तोंड करून धावतात आणि जुहूवरून समुद्रावर झेपावतात. आमच्याकडची लहान मुलेसुद्धा नुसत्या आवाजावरून विमान चढते आहे की उतरते आहे ते सांगतात. पण ते विमान जेथे जाणार ते गाव किती लांब आहे आणि तेथे पोचायला किती वेळ लागेल, हे मात्र आम्हा मोठ्या माणसांनाही नीट सांगता येत नाही. मी भूगोल शिकवणारा माणूस. मलाही ते एकदा सांगता आले नाही. आजचे हे भाषण त्या चुकीवरूनच सुचले आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिन्यातली एक मंगळवारची संध्याकाळ. आमच्या शेजारी एक नाखवा राहतात. त्यांच्या पत्नी, ज्यांना मी काकी म्हणत असे, त्या रात्री आठच्या सुमारास वारल्या. थोरला मुलगा अमेरिकेत, न्यूयॉर्कपासून मोटारीने तीन तासांच्या गावी नोकरीला. त्याला लगेच फोन गेला. मी निघतोच, माझ्यासाठी थांबा, एवढेच तो म्हणाला. नाखवा माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "मास्तर, पोरगा कधी पोचल?"

मी मनात भागाकार केला. न्यूयॉर्क ते मुंबई साडेबारा हजार किलोमीटर. विमानाचा वेग ताशी साडेआठशे. उत्तर आले पंधरा तास. रात्रीचे आठ आणि पंधरा तास, म्हणजे सकाळचे अकरा. "उद्या अकराच्या सुमारास," मी सांगितले. मास्तरांचा शब्द म्हणून तो निरोप वेसाव्याला गेला, मढला गेला, माहीमला गेला. सकाळी अकरा वाजता सगळा गोतावळा गोळा झाला. आणि मुलगा दारात आला तो त्यानंतरच्या रात्री पाऊण वाजता. माझ्या हिशेबापेक्षा जवळजवळ चौदा तास उशिरा!

श्रोतेहो, माझा भागाकार बरोबर होता. चूक कोठे झाली, ते आता क्रमाने पाहू.

आधी अंतराचा विचार करू. गावाकडे आपण म्हणतो, पायवाटेने दोन कोस, गाडीरस्त्याने चार. डोंगर आडवा येतो, नदी आडवी येते, रस्ता वळसा घेतो. आकाशात डोंगर नाही, नदी नाही. तेव्हा तेथले अंतर सरळ रेषेचे असणार असे वाटते. पण सरळ रेषा कोठली? वर्गातल्या भिंतीवर जो जगाचा नकाशा टांगलेला असतो, त्यावर पट्टी ठेवून ओढलेली रेषा पृथ्वीवर सरळ नसते. पृथ्वी वाटोळी आहे आणि नकाशा सपाट आहे. वाटोळ्या वस्तूची साल सपाट करायची म्हणजे कोठे ना कोठे ताणावी लागते.

शिक्षकबंधुभगिनींनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. शाळेत पृथ्वीचा गोल असला तर उत्तमच. नसला तर एक मोठे पपनस घ्या. देठाला उत्तर ध्रुव समजा आणि मधोमध विषुववृत्ताची रेघ ओढा. विषुववृत्ताच्या थोडे वर एका बाजूला मुंबईची टाचणी टोचा. आता सॅन फ्रान्सिस्कोची टाचणी टोचायची, ती मुंबईच्या जवळजवळ पाठीमागच्या बाजूला आणि विषुववृत्तापासून आणखी वर. दोन्ही टाचण्यांमध्ये दोरा ताणा. दोरा आडवा जाणार नाही. तो वर चढेल, देठाच्या जवळून जाईल आणि पलीकडे उतरेल. मुलांना याचे फार नवल वाटते. अमेरिका पश्चिमेला आहे असे ती शिकलेली असतात, आणि येथे दोरा तर उत्तरेला निघाला! मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला जाण्याचा सर्वांत जवळचा मार्ग खरोखरच जवळजवळ उत्तरेकडे निघतो आणि सत्त्याहत्तराव्या अक्षांशापर्यंत चढतो. या ताणलेल्या दोऱ्याच्या मार्गाला भूगोलात बृहद्वृत्ताचा मार्ग म्हणतात.

हे केवळ पुस्तकातले नाही. २०२१ च्या जानेवारीत एअर इंडियाचे एक विमान सॅन फ्रान्सिस्कोहून निघून उत्तर ध्रुवावरून बंगळूरला आले. कॅप्टन झोया अगरवाल या त्याच्या प्रमुख होत्या आणि विमान चालवणाऱ्या सगळ्या स्त्रियाच होत्या. अंतर सुमारे चौदा हजार किलोमीटर आणि वेळ सुमारे सतरा तास. पपनसावरचा दोरा त्यांनी प्रत्यक्ष आकाशात ताणून दाखवला असे म्हणायला हरकत नाही.

आता हे अंतर मोजायचे कशात? आपण किलोमीटर म्हणतो, पण वैमानिक अजून सागरी मैलच मोजतो. हे माप दर्यावर्दी लोकांचे. पृथ्वीच्या परिघाचे ३६० अंश, प्रत्येक अंशाच्या साठ कला. म्हणजे एकंदर २१,६०० कला. पृथ्वीवरच्या एका कलेचे अंतर म्हणजे एक सागरी मैल. परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर. त्याला २१,६०० ने भागा, १.८५ किलोमीटर येतात. माप कोठून आले ते असे समजले म्हणजे पाठ करावे लागत नाही. मुंबई ते लंडन हा दोरा पृथ्वीच्या मध्याशी जवळजवळ ६५ अंशांचा कोन करतो. त्याला साठाने गुणले की ३,९०० सागरी मैल. किलोमीटरमध्ये सांगायचे तर सुमारे ७,२००. ताशी एक सागरी मैल या वेगाला नॉट म्हणतात. हे सारे मी एकदा नाखव्यांना मोठ्या उत्साहाने समजावून सांगितले. ते जाळ्याचा डोळा विणत होते. मान वर न करता म्हणाले, "मास्तर, दर्यात मैल कोण विचारतो? आधी वारा विचारा." तेव्हा मी हसलो होतो.

अंतराचे गणित आणि प्रत्यक्षातला प्रवास यांत किती फरक पडतो, याचा पहिला धडा आमच्या शेजारच्या जुहूच्या मैदानातच मिळतो. जुहूचा विमानतळ १९२८ सालचा. आपल्या देशातला पहिला मुलकी विमानतळ तो. १५ ऑक्टोबर १९३२ या दिवशी जे. आर. डी. टाटा एक लहानसे पस मॉथ विमान स्वतः चालवत कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन निघाले. सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी निघाले ते दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी जुहूला उतरले. कराची ते मुंबई सरळ अंतर सुमारे ८८० किलोमीटर. पण टाटा सरळ आले नाहीत, अहमदाबादला उतरून आले. कारण विमानाला पेट्रोल लागते, आणि अहमदाबादला ते पेट्रोल बैलगाडीतून आणलेले होते! म्हणजे त्या दिवशीच्या हवाई टपालाचा वेळ काही अंशी बैलांच्या चालीवर अवलंबून होता. अहमदाबादवरून मार्ग झाला हजार किलोमीटरहून थोडा अधिक, आणि वेळ सव्वासात तास. जुहूहून पुढे ते टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासला नेले.

पावसाळ्यात तर जुहूची आणखीनच पंचाईत. सखल, चिखलाचे मैदान. भरतीचे आणि पावसाचे पाणी मिळून ते पाण्याखाली जाई. मग सगळा संसार उचलून विमाने पुण्याला नेत. मुंबईचा विमानतळ चार महिने पुण्याला! अशाही परिस्थितीत पहिल्या वर्षात त्यांनी १५५ उतारू नेले. आज आमच्या खारदांड्याच्या किनाऱ्यावर चहा पिऊन होईतो तेवढी माणसे सांताक्रूझहून उडून जातात. टाटांनी पुढे १९८२ साली, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे असताना, तोच कराची-मुंबई प्रवास तशाच जुन्या धाटणीच्या विमानाने पुन्हा केला आणि ते जुहूलाच उतरले.

जुहूची गोष्ट निघालीच आहे म्हणून सांगतो. जुहू आणि सांताक्रूझ हे दोन विमानतळ एकमेकांपासून अवघ्या दोन-तीन किलोमीटरवर. इतके जवळ, की १९५३ साली एका ब्रिटिश कंपनीचे कॉमेट विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले, आणि १९७२ साली एका जपानी कंपनीच्या मोठ्या विमानानेही तेच केले. हजारो मैलांचा हिशेब बरोबर आला, आणि शेवटच्या दोन मैलांत चुकला! लांब अंतरापेक्षा दाराजवळचे अंतर कधीकधी अधिक फसवते.

आता लंडनकडे वळू. त्याआधी जहाजाचे दिवस थोडे आठवले पाहिजेत, म्हणजे विमानाने काय केले ते कळेल. आनंदीबाई जोशी डॉक्टर होण्यासाठी अमेरिकेला निघाल्या तेव्हा ७ एप्रिल १८८३ रोजी त्यांनी कलकत्ता सोडले, आणि न्यूयॉर्कला त्या ४ जूनला पोचल्या. अठ्ठावन्न दिवस! घरच्यांनी पत्र टाकावे, ते पोचावे, उत्तर यावे, तोवर ऋतू बदललेला असे. मुलगी परदेशात असताना घरी कोणी गेले, तर तिने येऊन तोंड पाहावे असा विचारसुद्धा कोणाच्या मनात येत नसे. विमान आल्यावर तो विचार मनात येऊ लागला. आणि मग वाट पाहणेही आले.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून लंडनला निघाले. चार पंख्यांचे कॉन्स्टेलेशन जातीचे विमान, पस्तीस उतारू. वाटेत कैरोला थांबा, मग जिनिव्हाला थांबा. त्या प्रवासाला चोवीस तास लागले असे सांगतात आणि अंतर पाच हजार मैल दिले जाते. आता पपनसाचा दोरा आठवा. मुंबई-लंडन सरळ दोरा ७,२०० किलोमीटर, म्हणजे जमिनीवरच्या मैलांत साडेचार हजारांच्याही किंचित आत. मग पाच हजार मैल कोठून आले? मुंबई-कैरो सुमारे ४,३४०, कैरो-जिनिव्हा सुमारे २,८२०, जिनिव्हा-लंडन साडेसातशे. बेरीज ७,९०० किलोमीटर. मैल करा, पाच हजारांच्या अगदी जवळ आले. म्हणजे थांबे घेण्यासाठी सातशे किलोमीटरचा वळसा. एवढे अंतर म्हणजे आपल्या मुंबई ते नागपूरपेक्षाही थोडे अधिक. शिवाय उतरायचे, इंधन भरायचे, उतारू चढायचे, पुन्हा उडायचे.

१९६० साली जेट विमाने आली, वेग जवळजवळ दुप्पट झाला, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात मुंबईहून लंडनमार्गे न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. पुढे न थांबता जाणारी विमाने आली. आता मुंबई-लंडन साधारण नऊ ते दहा तासांचे झाले आहे.

नऊ ते दहा का? नेमका आकडा का नाही? येथे नाखव्यांचा वारा येतो.

तीस-चाळीस हजार फुटांवर, आपल्या आणि ध्रुवाच्या मधल्या पट्ट्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे फार वेगाने वारे वाहतात. त्यांना जेट वारे म्हणतात. पूर्वेकडे येणाऱ्या विमानाला ते पाठीमागून ढकलतात, पश्चिमेकडे जाणाऱ्याला ते समोरून अडवतात. म्हणून लंडनहून मुंबईला यायला कमी वेळ लागतो आणि जायला अधिक. पुष्कळांना वाटते की असेना का. जाताना जेवढा वेळ गेला तेवढा येताना मिळाला, हिशेब फिटला. तसे होत नाही बरं का! हे गणित आठवीच्या मुलांना घालावे. अंतर ७,२०० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९००, वारा ताशी ९०. वारा नसता तर जायला आठ तास, यायला आठ, मिळून सोळा. आता वारा धरा. जाताना वेग राहिला ८१०. वेळ आठ तास त्रेपन्न मिनिटे. येताना वेग झाला ९९०; वेळ सात तास सोळा मिनिटे. बेरीज करा: सोळा तास नऊ मिनिटे. नऊ मिनिटे कोठे गेली? कारण असे, की समोरचा वारा आपल्याला अधिक वेळ सोसावा लागतो आणि पाठीमागचा वारा थोडाच वेळ लाभतो. वारा घेतलेले सगळे परत देत नाही. हे होडी वल्हवणाऱ्याला सांगावे लागत नाही.

जवळच्या प्रवासात वेगळीच गंमत असते. मुंबई ते नागपूर हवेतले अंतर सुमारे ६८० किलोमीटर. ताशी ९०० ने भागले तर पाऊण तास. प्रत्यक्षात वेळापत्रकात दीड तासाच्या आसपास धरलेला असतो. कारण विमान धावपट्टीपर्यंत रांगेने जाणार, मग चढणार, आणि नागपूर जवळ आले की वेग कमी करून उतरणार. पुऱ्या वेगाने जायला मध्ये उरते ते थोडेसेच. एस. टी. जशी गावातून बाहेर पडेपर्यंत रांगते, तसेच. म्हणून नागपूरच्या वेळेवरून लंडनची वेळ काढायला गेले तर चुकते, आणि लंडनवरून नागपूरची काढली तरीही चुकते.

आणखी एक अडचण आहे, ती वाऱ्याची नाही, माणसांची. आकाशात डोंगर नाहीत असे मी मघाशी म्हणालो. पण कुंपणे आहेत. प्रत्येक देशावरचे आकाश त्या त्या देशाचे. त्याने जाऊ दिले तर जायचे. १९६७ साली युद्धामुळे सुएझचा कालवा बंद झाला तो १९७५ पर्यंत. तेव्हा मुंबईहून युरोपला जाणाऱ्या जहाजांना आफ्रिकेला वळसा घालावा लागे. आकाशाचेही तसेच होते. २०१९ साली फेब्रुवारी ते जुलै पाकिस्तानवरचे आकाश बंद होते. २०२५ च्या एप्रिलमध्ये ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झाले, आणि दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना वळसा घालून वाटेत व्हिएन्नाला इंधनासाठी उतरावे लागले. पपनसावरचा दोरा हललेला नसतो, पण विमान त्या दोऱ्यावरून जात नाही. गावात बांध घातला की शेजारच्या शेतात जायला अर्धा कोस फिरावे लागते, त्यातलाच हा प्रकार.

आणि मग घड्याळ. पृथ्वी एका तासात पंधरा अंश फिरते, म्हणून प्रत्येक देशाची वेळ वेगळी. लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेपाच तास मागे असते, उन्हाळ्यात साडेचार तास. कारण तेथे उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करतात. विमानाच्या तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची असते आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची. मुंबईहून उन्हाळ्यात दुपारी दोनला निघाला आणि लंडनला संध्याकाळी साडेसातला उतरला असे वाचले की, "साडेपाच तासांत लंडन!" म्हणून माणसे आश्चर्य करतात. त्यात साडेचार मिळवा, दहा तास होतात. येताना उलटे, सकाळी दहाला लंडन सोडले तर रात्री साडेअकराला मुंबई. साडेतेरा तास लागले असे वाटते, आणि खरे लागलेले असतात नऊ. ज्यांच्या घरचे कोणी परदेशी आहे त्यांनी एक साधी युक्ती करावी: सगळ्या वेळा आधी आपल्या घड्याळात मांडून घ्याव्यात आणि मगच बेरीज-वजाबाकी करावी.

ही युक्ती त्या मंगळवारी मला सुचायला हवी होती. आता नाखव्यांच्या मुलाचा प्रवास आपल्या घड्याळात मांडून दाखवतो.

रात्री आठला आपला फोन गेला तेव्हा त्याच्याकडे सकाळचे साडेदहा वाजले होते. तो कामावर होता. तेथून घरी, पासपोर्ट, तिकिटाची धावपळ. सरळ मुंबईच्या विमानात जागा मिळाली नाही, लंडनवरून मिळाली. मग तीन तास मोटार, मग विमानतळावरची तपासणी. न्यूयॉर्कहून विमान उडाले तेव्हा तेथे संध्याकाळचे सात, आपल्याकडे पहाटेचे साडेचार. म्हणजे साडेआठ तास झाले होते आणि तो अजून अमेरिकेतच होता! माझ्या भागाकारात हे साडेआठ तास शून्य होते. लंडनपर्यंत सात तास: आपले साडेअकरा. सकाळी अकरा वाजता वेसाव्या-मढची मंडळी रस्त्याकडे डोळे लावून बसली होती, तेव्हा तो लंडनवर उतरायच्या बेतात होता. तेथे तीन तास पुढच्या विमानाची वाट: दुपारचे अडीच. मुंबईपर्यंत नऊ तास: रात्रीचे साडेअकरा. बाहेर पडून घरी यायला सव्वा तास. पावणेएक.

एकंदर पावणेएकोणतीस तास. त्यांतले हवेतले किती? सात आणि नऊ, सोळा. माझा पंधरा तासांचा हिशेब हवेपुरता फक्त एका तासाने चुकला होता. लंडनवरून आल्यामुळे अंतर पुष्कळ वाढले असेल असे तुम्हाला वाटेल. तेही नाही. न्यूयॉर्क-लंडन सुमारे ५,५५० आणि लंडन-मुंबई ७,२००, बेरीज १२,७५०. सरळ दोरा १२,५३०. फरक फक्त सव्वादोनशे किलोमीटर. अंतराने मला दगा दिला नव्हता. जमिनीवरचे पावणेतेरा तास मी मोजलेच नव्हते.

बुधवारी दुपारी बारा वाजता मुलाचा लंडनहून फोन आला तेव्हा हे सगळ्यांना कळले. काही वडीलधारी मंडळी म्हणाली, आता थांबू नये, दिवस मावळायच्या आत उरकावे. काहींना परत जाऊन होड्या काढायच्या होत्या. माझ्याकडे कोणी बोट दाखवले नाही, पण मला मान वर करवेना. नाखवा बराच वेळ गप्प बसले होते. मग उठले आणि म्हणाले, "थांबू." कोळीवाड्यात बर्फाला तोटा नसतो. मासळीसाठी आणलेल्या लाद्या आल्या, बायकांनी पुन्हा खोली धुऊन घेतली, आणि ज्यांना जायचे होते ते गेले. रात्री पावणेएकला मुलगा आला. पहाटे आम्ही निघालो.

तेरावा झाल्यावर मुलगा परत जायला निघाला. सोमवार होता, रात्रीचे दहा वाजले होते. टॅक्सी वळली तसे नाखवा माझ्याकडे आले. "आता कधी पोचल?"

या वेळी मी घरात जाऊन कागद घेतला. घर ते विमान सुटेपर्यंत चार तास. लंडन दहा तास. तेथे साडेतीन तास थांबणे. न्यूयॉर्क आठ. बाहेर पडायला दीड, मोटारीला तीन. बेरीज तीस तास. "परवा पहाटे चार," मी म्हणालो. "तिकडची संध्याकाळ असेल, साडेसहा."

नाखव्यांनी कागदावरून नजर फिरवली. "येताना लंडनपासून नऊ धरले होते ना? आता दहा कसे?"

"आता वारा समोरून आहे."

"आणि लंडनच्या पुढं? सातचे आठ?"

"तेथेही समोरूनच."

त्यांनी मान हलवली आणि कागद घडी करून खिशात घातला. बुधवारी पहाटे मी मुद्दाम जागा राहिलो. चार वाजले, सव्वाचार झाले. चार वाजून वीस मिनिटांनी शेजारी फोन वाजला. नाखवा दोनच वाक्ये बोलले, मग जाळे खांद्यावर टाकून खाली वाळूकडे गेले. भरती चढत होती आणि माणसे होडीपाशी थांबली होती.